कुंकू लागलेला कीबोर्ड

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना कीबोर्ड आहे आणि खरं सांगायचं तर जरा चिडका आहे.

अवसरी बुद्रुकजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत मी आलो, ते २००४ साल. पहिली दोन वर्षं मी झाकूनच होतो. मुलांनी हात लावला तर बिघडेन म्हणे! शेवटी अश्विनीबाईंनी माझ्यावरचं कापड काढलं. वाचताना अडखळणाऱ्या काही मुलांना ठेका धरणंही जड जातं, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून ते तपासायला त्यांनी संगणक शिकलेल्या भावाला हाताशी धरून एक खेळ तयार केला. हलगीच्या ठोक्याला माझं लांब बटण दाबलं, की पडद्यावरचा बेडूक दगडावरून दगडावर उडी मारायचा. ठोका चुकला की पाण्यात.

हा खेळ मुख्यतः तिसरीतल्या अक्षदासाठी होता. तिला वाचता येईना, म्हणून तिची आई साळुबाई दिवाळीनंतर तिला शाळेतून काढून बटाट्याच्या लागणीला नेणार होती.

नेमकी खंडेनवमी आली. शिपाई गेणभाऊंनी माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि वर पाणीही शिंपडलं. अहो, मी काय पाटा आहे?

दसऱ्यानंतर चाचणी झाली. सगळ्यांचे बेडूक बुडाले!

"अख्खा वर्गच कच्चा? बंद करा हा पोरखेळ," हेडमास्तर म्हणाले.

"म्या म्हनलं व्हतं, ही आळशीच हाय," चाचणी बघायला आलेली साळुबाई म्हणाली.

अंगावर इतकी अक्षरं असून मला एक शब्द बोलता येईना. असा संताप झाला माझा!

मग बाईंनी स्वतः खेळून पाहिलं. त्यांचाही बेडूक बुडाला. तेव्हा कुठे त्यांनी माझं लांब बटण उचकटलं. खाली लाल चिखल.

"देवाचं केलं, त्यात माझं काय चुकलं, बाई?" गेणभाऊ पुटपुटले.

मला पुसून चाचणी पुन्हा घेतली. बाकी सगळ्यांचे बेडूक पैलतीरी पोचले. अक्षदाचा मात्र चार वेळा खेळूनही बुडालाच.

"साळुबाई, हा आळस नाही," बाई म्हणाल्या. "हिला ठोका पकडायला जड जातं, तशीच अक्षरंही जड जात असतील. पुण्याला डॉक्टरांकडून नीट तपासून घेऊ. शाळा सोडवू नका."

साळुबाईनं अक्षदाला जवळ ओढलं. "आळशी न्हाई? मग म्या हिला लई मारलं, त्याचं काय?"

अक्षदा शाळेतच राहिली.

आता मी कपाटावर धूळ खातो. मित्रांनो, मी अडलो तेव्हा मला उघडून आत काय झालंय ते पाहिलं. मूल अडलं की मात्र आधी मारता. याचा मला आजही राग येतो.