मुठीच्या टोकापर्यंत एकच पोलाद

मी एक सुरी बोलतेय. मला मिटता येत नाही, पातं आत लपवता येत नाही. जशी आहे तशी समोर असते.

माझा जन्म जबलपूरच्या गोहलपुरातला. ट्रकच्या जुन्या कमानपट्टीतून जब्बार मिस्त्रींनी मला घडवलं, ते भानुमतीबाई केतकरांसाठी. संरक्षण कारखान्यात तीस वर्षं हत्यारं तपासून बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पातं तळहाताएवढं पुरे, पाठ जाड पण धारेकडे निमुळती, आणि पोलाद मुठीत अर्ध्यावर थांबायला नको, टोकापर्यंत जायला हवं, असं त्यांनी बजावलं. पात्यावर नक्षी काढू का, असं मिस्त्रींनी विचारलं.

"मिस्त्री जी, नक्काशी रहने दीजिए," बाई म्हणाल्या. "गीले हाथ से फिसले नहीं, बस."

मग मला शिसवीची, मध्ये किंचित फुगीर मूठ मिळाली आणि चामड्याचं म्यान.

बाईंची सून समिधा शाळेत शिकवते. लिंबू चिरलं की माझ्यावर काळे डाग पडत, ते तिला आवडत नसत. "आई, बाजारात इतक्या चकचकीत मिळून राहिल्या, ही काहून बनवून घेतली?" असं तिनं एकदा विचारलंच. बाई लिंबू चिरत राहिल्या. मी भाजी चिरली, सुतळ्या कापल्या, खोकी उघडली, गुलाबाची कलमं केली. प्रत्येक कामानंतर बाई मला धुऊन पुसत आणि तेलाचं बोट फिरवत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही ग्वारीघाटावर होतो. बाई पायरीवर बसून माझ्यानं पेरू कापत होत्या, समिधा नर्मदेत उतरली होती. तिचा पाय घसरला आणि वाहत आलेलं नायलॉनचं जाळं दोन्ही पायांना गुंडाळलं. जाळ्याचं दुसरं टोक पाण्याखाली, नाव बांधायच्या लोखंडी कड्यात अडकलेलं. पाणी तिच्या नाकाशी आलं. एका नावाड्यानं उडी मारून तिला वर धरलं, पण ओढलं की जाळं आणखी आवळे. त्याच्या खिशातला चाकू मिटणारा होता. सांधा गंजलेला, तो उघडेचना.

बाई मला घेऊन साडीनिशी पाण्यात शिरल्या.

गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. त्यांनी बोटांनी दोर चाचपला, माझी पाठ समिधाच्या पायाला लावली, धार बाहेर ठेवली आणि ओढलं. एक दोर तुटला, दुसरा तुटला. तिसरा जाड होता. बाईंचा सगळा जोर माझ्यावर आला. मूठ ढिली असती तर तिथेच फिरले असते. मी फिरले नाही.

काठावर आल्यावर बाईंनी आधी समिधाचे पाय पाहिले. जाळ्याचे वळ होते, माझा ओरखडा एकही नव्हता. याहून मोठी शाबासकी मला मिळालेली नाही.

आठवड्यानं समिधा म्हणाली, "आई, मला धार लावायला शिकवा."

"आधी पुसायला शीक," बाई म्हणाल्या.

आता बाईंच्या बोटांत पूर्वीचा जोर नाही. दर रविवारी समिधा मला दगडावर घासते. बाई शेजारी डोळे मिटून बसतात आणि आवाजावरून सांगतात, जरा झुकव. मीही झिजून अरुंद झालेय, पण कामाला कमी नाही.

तुम्ही सुरी घ्याल तेव्हा चकाकी पाहू नका. हात ओला करून मूठ धरून बघा. घरी आणलीत तर तिला ओली ठेवू नका. तेवढं तुम्ही करा, बाकीचं आम्ही बघून घेऊ.