त्सुबाकीची पेंड

पेंडीची गोणी विकत घेऊन हात्सुएला मिळणार काय होतं? नवऱ्याच्या, तोकुजीच्या, सकाळी परत. गोणी जाणार शेजारणीकडे, पसरणार शेजारणीच्या बागेत, पानं वाचणार तीही शेजारणीचीच. पण गोगलगाई एकदा मेल्या, की तोकुजीला कुंपणापलीकडे जायला निमित्त उरणार नव्हतं. सौदा वाईट नव्हता.

“कुणासाठी नेताय?” बी-बियाण्यांच्या दुकानातल्या ओनोदाने विचारलं. “तुमच्या अंगणात तर गवतसुद्धा तुमची परवानगी घेऊन उगवतं.”

“शेजारी द्यायचीय. कायोकोसानना.”

“वा! मन मोठं आहे हो तुमचं.”

“आहेच,” हात्सुए म्हणाली.

“त्सुबाकीच्या फुलझाडाच्या बियांची पेंड ही, तेल काढून उरलेली. मुठीमुठीनं पसरायची, वर पाणी शिंपडायचं. गोगलगाय जागच्या जागी आडवी. एक मात्र सांगा त्यांना, ही पाटात उतरू द्यायची नाही. मासे टिकत नाहीत.”

“सांगते, सांगते,” हात्सुए म्हणाली खरी, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. गोणी हातात देताना असं काय बोलावं, की ऐकायला उपकार वाटेल आणि घरी गेल्यावर झोंबेल, त्याची ती जुळवाजुळव करत होती.

तोकुजीचा जन्म तातामीच्या चटया शिवण्यात गेला. काठांच्या पट्ट्या हात्सुए शिवायची. एका खोलीत, एकमेकांकडे पाठ करून, दोघांनी गावाच्या निम्म्या घरांची जमीन झाकली होती. मग गुडघ्यांनी संप पुकारला आणि दुकान बंद झालं. तेव्हापासून घरात काही खाली पडलं, तर तोकुजी आधी त्या वस्तूकडे बघायचा आणि मग बायकोकडे.

गेल्या पानगळीत कायोको शेजारी राहायला आली. ओसाकात नवरा वारला, म्हणून त्याच्या वडिलोपार्जित घरात आली. घरामागे देवदारांच्या गर्द सावलीत तिने गिबोशी लावली. रुंद, निळसर, शिरा उठलेल्या पानांची. सावलीत तेवढीच नीट येते. पावसाळी दिवस सुरू झाले आणि बिनशंखाच्या गोगलगाईंनी त्या पानांची चाळण केली. एका पहाटे कायोकोच्या हाताला काहीतरी बुळबुळीत लागलं आणि ती किंचाळली. तोकुजी बायकोने हाक मारल्यावर कधी उठला नसेल, एवढ्या चपळाईने कुंपण ओलांडून गेला.

तेव्हापासून रोज. उजाडलं की गोगलगाई उचलायला जेवणाच्या जुन्या काड्या आणि मिठाच्या पाण्याची बरणी घेऊन स्वारी निघायची.

“अहो, आपल्या अंगणात नाहीत का गोगलगाई?”

“आहेत की. पण आपल्या जुन्या आहेत. सवय झालीय.”

“आणि गुडघे?”

“सकाळी बरे असतात.”

“घरात मोजे उचलायला बरे नसतात ते?”

तोकुजी हसला. “अगं, काल त्यांनी बशीत बीअर ओतून ठेवली होती. कुणीतरी सांगितलं, गोगलगाई वासाने येतात नि बुडून मरतात. एक बुडाली. बाकीच्या पिऊन घरी गेल्या.”

“गोगलगाईंना बीअर,” हात्सुए सार ढवळत म्हणाली, “आणि आमच्याकडे माणसाला बार्लीचं पाणी.”

परतताना तो गुणगुणत यायचा. हात्सुएला राग होता तो त्या गुणगुणण्याचा. बाई देखणी असती, तर निदान समजलं तरी असतं. कायोकोचे दात पुढे होते, आवाज बसका होता. मग गुणगुणण्यासारखं तिथे होतं तरी काय?

गोणी पाहून कायोको कमरेत वाकली, पुन्हा वाकली. “अय्या, एवढं कशाला! किती जड आहे!”

“जड काय त्यात. रोज पहाटे यांना वाकावं लागतं, त्यापेक्षा हलकीच आहे.”

वाक्य छान बसलं होतं. आता पाटाचं सांगायचं आणि निघायचं. तेवढ्यात कायोको म्हणाली, “तोकुजीसान तुमच्याबद्दल किती बोलतात हो. दुकानात तुम्ही पाठमोऱ्या बसून गायचात, आणि त्या तालावर त्यांचा दाभण चालायचा म्हणे.”

एवढ्या वर्षांत हे हात्सुएला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या मालकीची गोष्ट, आणि ती पहिल्यांदा ऐकायची या बाईच्या तोंडून! “गॅसवर भांडं आहे माझं,” म्हणून ती तडक घरी आली. पाटाचं सांगायचं राहून गेलं.

पेंड मात्र लागू पडली. दुसऱ्या दिवशी तोकुजी गेला तसा बरणी रिकामी घेऊन परत आला. त्यानंतर गेलाच नाही. समोर बसून भात खाल्ला, पेपर वाचला.

“आज नाही जायचं?” हात्सुएने मुद्दाम विचारलं.

“काम संपलं तिथलं.”

तिने त्याला न विचारता अंड्याच्या पोळीची आणखी एक वळी वाढली.

या गावात डोंगराचं पाणी दगडी पाटातून घराघराला जातं. वरच्या घराचं पाणी खालच्याच्या स्वयंपाकघरामागच्या हौदात उतरतं. तिथे भाज्या धुवायच्या, भांडी विसळायची, आणि उरलेली शितं हौदातले मासे खातात. साबण कुणी लावत नाही, थुंकत नाही. कायोकोचं घर वर होतं, तोकुजीचं तिच्याखाली आणि शेवटचं, पुढे नदी. त्याच्या हौदात एक काळा कार्प मासा होता, तोकुजीच्या वडिलांनी सोडलेला. तोकुजी त्याला ‘दादा’ म्हणायचा.

मग ढगफुटीसारखा पाऊस झाला. सकाळी हौदावर साबणासारखा फेस होता आणि त्यात दादा पांढरं पोट वर करून तरंगत होता.

तोकुजी हौदाच्या काठावर बसला आणि हात पाण्यात घालून माशाला सुलटा करत राहिला. मासा पुन्हापुन्हा उलटत होता.

दुपारी कायोको आली ती मिठाईचा खोका घेऊन, डोळे सुजवून. पेंडीने मासे मरतात का, ते ओनोदाकडे जाऊन विचारून आली होती. दारातच तिने गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. “माझ्या हातून झालं. वहिनींनी एवढी आपुलकीने पेंड दिली, आणि मी मूर्खासारखी पाटाच्या काठापर्यंत ओतली, पावसाने सगळी वाहून आली. मला ठाऊक नव्हतं हो. खरंच ठाऊक नव्हतं.”

तोकुजीने मान वळवून बायकोकडे बघितलं. एकदाच.

“उठा बघू,” तो कायोकोला म्हणाला. “चूक माझी आहे. पेंड आणायला मीच सांगितलं होतं. पाण्याचं तुम्हाला सांगायचं मी कबूल केलं आणि विसरलो. म्हातारपण, दुसरं काय.”

कायोको गेल्यावर त्याने विचारलं, “ओनोदा बोलला होता?”

“बोलला होता.”

“बरं,” तो म्हणाला आणि फावडं आणायला गेला.

गावाचा रिवाज जुना आहे. पाणी नासवील त्याने सुगीच्या उत्सवापर्यंत रोज पहाटे पाटाच्या तोंडावरच्या जाळीतला पाला काढायचा. बैठकीत तोकुजीने आपणहून नाव दिलं. लोक हसले. ओनोदा तर म्हणाला, “काय हो, आता बायकोला तरी ओळखता ना?” तोकुजीही हसला. गावात तो विसरभोळा ठरला तो ठरलाच.

“मी जाते,” हात्सुए घरी आल्यावर म्हणाली. “तुमचे गुडघे...”

“माझ्या नावावर आहे ते.”

कायोकोने गिबोशी मुळासकट उपटून डोंगरापलीकडच्या भावजयीकडे धाडली आणि देवदारांखाली नुसते गोटे अंथरले. आता तिच्या बागेत खाण्यासारखं काही नाही, मारण्यासारखंही नाही.

पहाटे तोकुजी गुडघाभर गार पाण्यात उभा राहून जाळी साफ करतो. हात्सुए गरम चहाचा थर्मास घेऊन पाटाच्या काठाने मागोमाग जाते. तो कप घेतो, रिकामा करून परत देतो, वर बघत नाही. गोगलगाई गेल्या, दादा गेला, एका बाईची बाग गेली, आणि एका माणसाचं गावातलं नाव गेलं. हात्सुएकडे मात्र अजून कुणी काही मागितलेलं नाही.