तीनशे पासष्टची पाटी

असं समजा, की तुम्ही एका लोखंडी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभे आहात. हातात पत्र्याची एक पिवळी पाटी आहे, वहीच्या दुप्पट आकाराची, आणि तिच्यावर काळ्या रंगात ३६५ हा आकडा. समोर भिंतीवर दोन हूक. पाटी त्या हुकांना अडकवायची, एवढंच काम. खाली शंभरेक माणसं माना वर करून तुमच्याकडे बघतायत. टाळ्या वाजवायला त्यांचे हात तयार आहेत. आणि तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे, जी पाटीवरच्या आकड्याशी अजिबात जुळत नाही.

शिडी घट्ट धरा, आणि तुमच्या जागी खरोखर उभी होती ती मुलगी तिथं कशी पोचली ते ऐका.

ती अकरा वर्षांची होती. घरात तिला वकीलबाई म्हणत, कारण तिला काहीही सांगितलं की ती उलटतपासणी घ्यायची. दूध संपव म्हटलं तर का, आणि लवकर झोप म्हटलं तर कुणाच्या फायद्यासाठी. बाबा मालट्रक चालवायचे आणि महिन्यातून दोनदा घरी यायचे. आले की दारातच हात जोडून म्हणायचे, वकीलबाई, आधी पाणी तरी पिऊ द्या, मग जबानी देतो.

आई पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होती. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात वकीलबाई शेजारच्या काकूंकडे झोपायची. काकूंच्या घरी तिची उशी, तिचा टूथब्रश, तिची शिव्या खाण्याची जागा, सगळं ठरलेलं होतं. काकूही त्याच कारखान्यात, पण पॅकिंगला, कायम दिवसपाळीत. अगदी अलीकडे त्यांनाही मशीनवर घेतलं होतं. एक नंबरच्या मशीनवर त्या आठ दिवस शिकल्या आणि घरी येऊन गल्लीभर सांगत सुटल्या, की आता आपणसुद्धा कारागीर.

कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये, घड्याळाच्या खाली, एक फळा होता. 'अपघात न होता गेलेले दिवस' असं त्यावर लिहिलेलं आणि खाली आकड्याची पाटी. रोज सकाळी ती बदलायची. वर्ष पूर्ण झालं की दिवसपाळी, रात्रपाळी, सगळ्यांना आठवडाभर भरपगारी सुट्टी, असं साहेबांनी वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. माणूस सरळ होता. त्या फळ्यावर त्यांचा फार जीव. येणाऱ्या पाहुण्याला ते आधी मशीन नाही, फळा दाखवायचे.

आणि एकही अपघात झाला, तर पाटी शून्यावर. सुट्टी सगळ्यांचीच जाणार.

त्या सुट्टीवर किती जणांनी किती बेत आखले होते. बाबांनी त्याच आठवड्यात ट्रकवरून रजा मागून ठेवली होती, तिघं एकत्र राहणार म्हणून. मामांची मुलगी बाळंतपणाला आली होती. मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. त्यांना साहेबसुद्धा मामाच म्हणायचे. आईला मशीन त्यांनीच शिकवलं होतं. शिवाय आईचं आणखी एक होतं. दिवसपाळीचं प्रमुखपद रिकामं झालं होतं आणि साहेबांनी तिला जवळजवळ शब्द दिला होता. प्रमुख झाली, की रात्रपाळी संपली. वकीलबाईच्या दृष्टीनं हे सुट्टीपेक्षाही मोठं होतं. आई रोज रात्री घरात.

३६५ची पाटी लागायच्या आदल्या संध्याकाळी आई घरी आली ती उजव्या हातात कामाचा मोजा घालूनच. भाजी तिनं डाव्या हातानं चिरली. वकीलबाईनं विचारलं, तर म्हणाली, गारठा आहे. सकाळी ती वकीलबाईचे केस विंचरायला बसली, आणि वेणी काही केल्या घट्ट होईना. तीन वेळा सुटली. चौथ्या वेळी वकीलबाईनं मागं वळून आईचा हातच धरला आणि मोजा ओढला.

मधलं बोट. नख काळंनिळं, टोकाशी उकललेलं, आणि बोट एवढं सुजलेलं की शेजारच्या दोन्ही बोटांना जागा उरली नव्हती. त्यावर कुणीतरी पांढऱ्या चिंधीची पट्टी गुंडाळली होती.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आईनं सगळं सांगितलं. मशीनवर लोखंडी जाळी असते. पुठ्ठा अडकला, की जाळी उघडायची. जाळी उघडली की मशीन आपोआप थांबतं, मग हात घालून पुठ्ठा काढायचा. पण प्रत्येक वेळी थांबून पुन्हा सुरू होण्यात वेळ जातो. तीन आठवड्यांपूर्वी मागणी वाढली, रोजचा आकडा गाठता येईना, तेव्हा मामांनी तीन नंबरच्या मशीनचं जाळीपाशी असलेलं थांबवायचं बटण तारेनं बांधून टाकलं. जाळी उघडी असली तरी मशीन चालूच. मशीनवरच्या जुन्या सगळ्यांना माहीत होतं, सगळे जपून हात घालायचे. काल शेवटच्या तासाला आईचे डोळे मिटत होते, आणि तिनं तेवढं जपलं नाही. पट्टी मामांनीच बांधली.

वकीलबाईनं विचारलं, डॉक्टरकडे का गेली नाहीस. आई म्हणाली, डॉक्टर चिठ्ठी देतो, चिठ्ठी ऑफिसात जाते. मग तिनं विचारलं, तार काढली का. आई म्हणाली, सुट्टी लागायच्या आधी, सोमवारीच मी स्वतः काढणार. आज शनिवार, आज मशिनं बंद, फक्त कार्यक्रम.

"चाळीस घरांची सुट्टी आहे, बाळा," आई म्हणाली. "माझ्या एका बोटासाठी मी ती घालवू? संध्याकाळपर्यंत तोंडाला कुलूप. शब्द दे."

वकीलबाईनं शब्द दिला. मग तिनं आईच्या हातावर मोजा पुन्हा चढवला, अगदी हळू. तरी आईच्या तोंडून वाफ निघावी तसा आवाज निघालाच.

कार्यक्रमाला सगळ्यांची घरची माणसं आली होती. शेड झाडून लख्ख केलेली, मशिनांवर ताडपत्र्या, मुलांना उभं राहायला जमिनीवर पिवळी रेघ. साहेबांनी भाषण केलं, लांबलं, पण मनापासून केलं. त्यांच्या खिशातून प्रमुखपदाच्या पत्राचं लांबट पाकीट डोकावत होतं. आईची नजर दर थोड्या वेळानं त्या पाकिटाकडे जात होती आणि वकीलबाईची आईच्या मोज्याकडे. शेडमधल्या गर्दीच्या उकाड्यात एकटी आईच मोजा घालून उभी होती. कुणीतरी चेष्टा केली, प्रमुख व्हायच्या आधीच ऐट सुरू. आई हसली. मामा मात्र हसले नाहीत.

पाटी लावायला साहेबांनी मुलांपैकी एकाला बोलवायचं ठरवलं होतं, आणि पाकिटाचा मान आईचा होता म्हणून बोलावणं वकीलबाईला आलं. ती शिडी चढली. एक, दोन, तीन, चार पायऱ्या.

तेवढ्यात साहेबांनी खालून सांगितलं, की मुलांसाठी एक गंमत आहे. पाटी लागली, की लगेच एक मशीन सुरू करायचं. प्रत्येक मुलाला त्याच्या डोळ्यांदेखत बनलेलं खोकं मिळेल. चालवणार कोण? आपल्या नव्या कारागीर. त्यांनी काकूंकडे हात केला. आणि मशीन, तीन नंबरचं.

दोघा जणांनी ताडपत्री ओढली. काकू पदर खोचून पुढं झाल्या. ओठ घट्ट मिटलेले, पण हसू डोळ्यांतून सांडत होतं. त्यांनी हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि शिडीकडे पाहिलं. पाटी लागायची वाट बघत.

वकीलबाईला वरून सगळं दिसत होतं. मशीनच्या कडेला, जाळीच्या बिजागरीपाशी, तार चमकत होती. काकू शिकल्या एक नंबरवर, आणि तिथली जाळी धड होती. पुठ्ठा अडकला की जाळी उघडायची आणि बिनधास्त हात घालायचा, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक.

तिनं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. आईनं मामांकडे पाहिलं. मामांनी जमिनीकडे. सगळ्या शेडचे डोळे फळ्याकडे होते. कुणीतरी म्हणालं, चल गं पोरी, हात दुखले टाळ्यांसाठी धरून. लोक हसले.

वकीलबाईनं सकाळीच आईला शब्द दिला होता. आजवर तिनं शब्द मोडला नव्हता. पण हिरव्या बटणावरचं बोट काकूंचं होतं. त्याच बोटानं त्या तिच्या तापलेल्या कपाळावर ओली पट्टी ठेवायच्या, आई रात्रपाळीला असताना.

"काकूंना तारेचं कुणी सांगितलंय का?" तिनं विचारलं.

आवाज मोठा नव्हता. पण पाटीसाठी सगळे गप्प झाले होते, म्हणून तो शेडच्या टोकापर्यंत गेला.

साहेबांनी विचारलं, कसली तार. ज्यांना ठाऊक होतं, ती सगळी माणसं आपापल्या चपला बघत होती. काकू गोंधळून हसल्या, आणि बटण दाबायचं की नाही हे न कळून त्यांचं बोट तिथंच राहिलं.

"बोट काढा, वहिनी," आई म्हणाली. एवढं बोलून ती पुढं गेली आणि काकूंचा हात तिनं बटणावरून स्वतःच्या हातानं बाजूला केला. मग दातांत धरून मोजा ओढला.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आपल्या मुलाचे डोळे झाकले.

साहेब बोटाकडे बघत राहिले, मग तारेकडे, मग फळ्याकडे. मागून कुणीतरी पुटपुटलं, गेली सुट्टी. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, पोरीला मध्ये बोलायला सांगितलं होतं कुणी. वकीलबाई शिडीवरून उतरत होती. प्रत्येक पायरीला तिला वाटत होतं की खाली जमीन नाहीच. पाटी तिनं साहेबांच्या हातात दिली.

"वर्षभरात माझ्या टेबलावर एक चिठ्ठी आली नाही," साहेब म्हणाले. रागावले आहेत की दुखावलेत, ते कळत नव्हतं. "मला वाटलं, सगळं ठीक आहे."

"चिठ्ठी आली असती, साहेब, तर पाटी उतरली असती," आई म्हणाली. "आम्हाला पाटी प्यारी होती. तुम्हालाही."

साहेबांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली. पाकीट खिशातच राहिलं. ते ऑफिसात गेले, आणि सगळ्यांना वाटलं, आता फोन करतील, चौकशी बसेल, कुणाची तरी नोकरी जाईल. मामा भिंतीला टेकले होते. काकूंनी हिरव्या बटणापासून दोन हात लांब जाऊन आपली दहाही बोटं एकदा नीट पाहून घेतली.

साहेब परत आले ते एक जाडजूड वही घेऊन. दुखापतींची नोंदवही. इतकी कोरी, की उघडताना तिची बांधणी कडकन वाजली. आईला डॉक्टरकडे न्यायला गाडी बोलावली आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि गाडी येईपर्यंत ही नोंद करा म्हणाले. सुट्टीबद्दल एक शब्द नाही. प्रमुखपदाबद्दल तर नाहीच.

आईला पेन धरता येईना. वकीलबाई स्टुलावर बसली आणि वही मांडीवर घेतली. रकाने छापलेले होते. तारीख, नाव, मशीन, कुठे लागलं. तिनं आईला विचारत चारही भरले, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात. लोक पांगत नव्हते, जवळही येत नव्हते. आई उभी होती, एकटी, हात उंच धरून.

मग मामा भिंतीपासून निघाले. चालत येऊन स्टुलासमोर उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"माझं पण लिही, पोरी," ते म्हणाले. "मला लागलेलं नाही. तार मी बांधली."

वकीलबाईनं पानावर बोट फिरवलं. तारीख, नाव, मशीन, कुठे लागलं. मामा सांगत होते ते बसेल असा रकानाच त्या वहीत नव्हता. तिनं आईकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

तेव्हा तिनं मामांच्याच खिशातली मापाची लोखंडी पट्टी मागून घेतली, पानाच्या कडेला ठेवली, आणि वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. रेघेपलीकडे जी अरुंद जागा झाली, तिच्या डोक्यावर तिनं लिहिलं, 'का?'

आणि पेन सरसावून मामांना म्हणाली, "हं, सांगा."