तुम्ही आलात, बरं वाटलं

सोसायटीत त्याला दौरेकर म्हणत. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण आडनावाने हाक मारायला माणूस घरी सापडायला हवा ना. पंचवीसएक वर्षं तो देशोदेशीच्या खेड्यांना शेती आणि पाणी शिकवत हिंडला, आणि घरच्या कुंडीतलं मिरचीचं रोप बायकोच्या जिवावर जगलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तो स्वतःच हसत सांगायचा. तेव्हा हसू यायचं.

हा दौरा शेवटचा आहे, हे त्याला निघण्याआधीच कळलं होतं. आता सल्लागार तिकडचेच हवेत, असं कार्यालयाने कळवलं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. बायकोला मात्र त्याने सांगितलं नव्हतं. परत आल्यावर सांगू, समोर बसून सांगू, असं त्याने ठरवलं. आपण कायमचे घरी येतोय म्हटल्यावर तिचा चेहरा कसा होईल, हे त्याला पाहायचं होतं.

या दौऱ्यातल्या टेकाडावरच्या गावात पाण्याची योजना कधीकाळी त्यानेच आखली होती, आणि ती कशी चालली हे तपासायलाही त्यालाच पाठवलं होतं. या धंद्यात असं होतं. पेपर काढणाराच पेपर तपासतो. पंपाच्या खोलीत कोंबड्या होत्या. पाइप कुणीतरी कुंपणाला लावले होते, आणि खरं सांगायचं तर कुंपण चांगलं मजबूत झालं होतं. पत्र्याच्या शेडखाली बायका जमल्या. योजना कशी होती, तर चांगली होती. उपयोग झाला का, तर झाला. शेवटी एक म्हातारी उठली, हसली, काहीतरी बोलली. दुभाष्याने सांगितलं, "म्हणतात, तुम्ही आलात, बरं वाटलं."

हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. प्रत्येक गावात बैठक संपता संपता कुणीतरी ते म्हणायचंच, आणि तो अहवालात लिहायचा, लोक समाधानी आहेत. परतीच्या वाटेवर गाडीत तो म्हणाला, "पंप बंद पडला, तरी माणसं किती प्रेमाने बोलतात बघा."

दुभाषी जुना होता, कितीतरी दौऱ्यांतला सोबती.

"साहेब, आता तुम्ही परत येणार नाही, म्हणून बोलतो. ते निरोपाचं बोलणं आहे. पाहुणा बसूनच राहिला, कामं खोळंबली, की असं म्हणायचं. उठा आता, असं तोंडावर कसं म्हणणार?"

"याच गावात?"

"मी तुम्हाला नेलं त्या सगळ्याच गावांत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

इतकी वर्षं लोक त्याला जा म्हणत होते आणि तो ते कौतुक म्हणून लिहून घेत होता. एवढा पालथा घडा शोधूनही सापडला नसता.

घरी पोचला तर किल्ली लागेना. कुलूप बदललं होतं आणि त्याच्यासाठी किल्ली करायची राहून गेली होती. पुढच्या खोलीत बायकोचा शिवणाचा क्लास भरायचा, म्हणून सकाळी तो स्वयंपाकघरात बसे, आणि तिथे लेक डबा भरत असली की बाल्कनीत. कपाटातल्या त्याच्या कप्प्यात अस्तराची कापडं होती. गळका नळ दुरुस्त करायला तो पाना घेऊन गेला, तोवर प्लंबर येऊनही गेला होता. दोघी वाईट वागल्या असं कुणी म्हणू नये. ताट गरम वाढत होत्या, झोप झाली का विचारत होत्या. त्याची आई गेली तेव्हा तो कुठल्याशा विमानतळावर बाकावर झोपला होता, आणि त्याबद्दलही त्याला इथे कुणी कधी बोललं नव्हतं.

प्रशिक्षणात तो शिकवायचा, योजना खरी तीच, जिथे सल्लागार निघून गेल्यावर कुणाचं काही अडत नाही. अशी एकही योजना त्याला आयुष्यात जमली नव्हती. जमली होती ती इथे, हात न लावता.

रविवारी मग त्याने जे केलं, ते फक्त त्याच्या धंद्यातला माणूसच करू जाणे. दोघींना त्याने जेवणाच्या टेबलाशी बसवलं. कागदाचे चौकोन मांडले, वर लिहिलं: बाजार, बँक, दुरुस्ती, सोबत. हातात शेंगदाणे दिले. घरात कुठे हात कमी पडतो, तिथे जास्त दाणे ठेवायचे. गावोगाव हाच खेळ मांडून तो गरजा शोधायचा. गरज सापडली की सांगायचं, मी आता इथेच आहे, असं त्याने योजलं होतं.

"बाबा, ही परीक्षा आहे का?" लेक म्हणाली आणि दोन दाणे तोंडात टाकले.

बायकोने मात्र मन लावून विचार केला. सगळ्या चौकोनांवर तिने एकेक दाणा ठेवला, कुणाला वाईट वाटू नये तसा. सोबतीवरही एक.

"तसं सगळं चालतंय हो," ती म्हणाली. घड्याळाकडे तिची नजर गेली. बायका क्लासला यायच्या होत्या. मग ती हसली. "तुम्ही आलात, बरं वाटलं."

तिच्या मनात तसं काही नसेल, असं तो स्वतःला सांगू लागला. पण ते हसू त्याने शेडखाली, ओट्यांवर, झाडांच्या सावलीत इतक्या वेळा पाहिलं होतं की आता ओळखायला दुभाषी लागत नव्हता.

"अहो, पुढचा दौरा कधी आहे?" तिने विचारलं.

सांगायची वेळ हीच होती. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिथे राग नव्हता, आशाही नव्हती, नुसतं कामाचं विचारणं होतं.

"पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला.

"थंडी असेल का तिकडे?"

"असेल."

"मग स्वेटर काढून ठेवते," ती म्हणाली, आणि शेंगदाणे गोळा करून डब्यात भरू लागली.