तिळाएवढी अक्षरे

हेमंतातली दुपार. उसाच्या तुऱ्यांवरून घरंगळलेले सायीसारखे दाट, सुस्त ऊन कोल्हापुरात उतरत होते. दूर कुठेतरी गुऱ्हाळ पेटले होते आणि वाऱ्याला उकळत्या काकवीचा गोडसर, जडसर वास होता. रंकाळ्याचे पाणी निश्चल. पाण्यातले आभाळ निश्चल. आणि तळ्याकाठच्या एका माडीवर, खिडकीशी ओढलेल्या खुर्चीत, एक माणूस निश्चल.

भालचंद्र शेणोलीकर त्याचे नाव. वय अठ्ठ्याहत्तर. भाद्रपदात पक्षाघात आला, उजवा हात घेऊन गेला, आणि जाता जाता वाचाही घेऊन गेला. भरल्या घरातले सारे चोराने न्यावे आणि उंबऱ्यात एक कवडी सांडून राहावी, तसा एकच शब्द त्याच्यापाशी उरला. हो. पाणी हवे का, हो. नको का, हो. ऊन लागते का, हो. नाही ना लागत, हो.

वाणी परत यावी म्हणून शिकवायला येणारी मुलगी त्याच्या बायकोला, कुमुदिनीला, म्हणाली होती, "आजी, त्यांच्या ओळखीचं काहीतरी वाचून दाखवा. जुनं. मनात खोल बसलेलं."

खोल बसलेले काय, हे कुमुदिनीला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच चार दिवस ती त्या पत्र्याच्या ट्रंकेपाशी गेली नाही. पाचव्या दिवशी गेली.

ट्रंकेत अकरा अंक होते. 'पंखधारी मेघांक'. वर्षाला एक चित्रकथा, अकरा वर्षांच्या अकरा. मेघवर्णी पंखांचा राजपुत्र, सात फण्यांचा पाताळनाग, स्फटिकाच्या नगरीत निजलेली राणी, आणि पानापानांतून उसळणारे ते निळे, जांभळे, शेंदरी रंग. कधीकाळी गावोगावची पोरे या अंकांसाठी दुकानांच्या फळ्यांना लोंबकळत. चित्रे मुंबईत निघत. मराठी अंकाची पाने टपालाने या माडीवर येत, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचे संवादांचे फुगे कोरे असत. मग भालचंद्र खिडकीशी बसे, टाक शाईत बुडवी, आणि त्या मुक्या जगाला अक्षरे देई. राक्षसाची काटेरी अक्षरे. राणीची वळणदार, पाण्यासारखी. वाऱ्याची तिरपी, धावती. साऱ्या पाताळाला आणि साऱ्या स्वर्गाला त्याच्या हातून वाचा फुटे.

कुमुदिनीने मात्र त्यातला एकही अंक कधी उघडला नव्हता.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या कार्तिकात तिच्या कुशीत एक मुलगी होती. नऊ दिवस होती. केळीच्या कोवळ्या पानासारखी, गुंडाळलेली, ओलसर, उजेडाला बिचकणारी. बारसे बाराव्या दिवशी व्हायचे होते. नाव ठरले होते, दोघांत, कुजबुजत. इरावती. बारशाआधी मोठ्याने उच्चारू नये म्हणून तिने ते ओठांतच मिटून ठेवले. नवव्या दिवशी ताप आला. संध्याकाळी कूस रिकामी झाली. आणि ओठांतले नाव ओठांतच राहिले.

पुढच्याच आठवड्यात मुंबईहून पहिल्या अंकाची पाने आली. भालचंद्र दौत घेऊन बसला.

तिने दारातून त्याची पाठ पाहिली. वाकलेली, स्थिर, कामात बुडालेली पाठ. ती म्हणाली, "कसलं काळीज आहे हो तुमचं?"

पाठ हलली नाही. टाकाची कुरकुर तेवढी थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर त्या घरात ते नाव निघाले नाही. दुसरे मूलही झाले नाही. संसार झाला. वेळच्या वेळी गरम भाकरी झाली, सणाला गोड झाले, आजारपणात उशाशी बसणे झाले. दोघे एकमेकांशी कधी वाईट वागले नाहीत. पण दोघांच्या मधून एक अरुंद, काळीभोर, अबोल नदी चव्वेचाळीस वर्षे वाहत राहिली, आणि तिने मनाशी पक्के धरले की त्या नदीच्या पैलतीरावरचा माणूस आपल्या लेकीला विसरला.

आज ती त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. मोतीबिंदू काढल्यापासून बारीक वाचायला भिंग लागे. पहिला अंक मांडीवर, भिंग हातात. जुन्या कागदाचा पिवळा, कोरडा वास. ती शाळेतल्या मुलीसारखी एकेक फुगा वाचू लागली. मेघांक ढगांच्या महालात शिरला. द्वारपालाने त्याला अडवले. भालचंद्र खिडकीबाहेर पाहत होता.

महालाच्या चित्रात, एका ढगाच्या चुणीत, शाईचा ठिपका पडल्यासारखा दिसला. तिने भिंग खाली नेले. ठिपका फुलला. त्याची अक्षरे झाली. तिळाएवढी, पण रेखीव. ज्याला फुगा नव्हता, जे कुणा पात्राच्या तोंडचे नव्हते, असे एक वाक्य.

'इथे इरावती राहते.'

कुमुदिनीने भिंग पदराला पुसले. पुन्हा पाहिले. वाक्य तिथेच होते. तिने मान वर केली नाही. तिला वर पाहवेना.

तिने दुसरा अंक ओढला. वाचले नाही, शोधले. पर्वताच्या कपारीत, राजवाड्याच्या जाळीत, झाडाच्या ढोलीत. पाताळनागाच्या एका खवल्यावर सापडले. 'इरावती चालू लागली. पडली. रडली नाही.'

तिसऱ्यात स्फटिकनगरीच्या पायरीवर, 'इरावती फार बोलते. कुमुदवर गेली.' पाचव्यात तर अक्षरे मेघांकाच्या पंखाच्या पिसात दडलेली होती, 'इरावतीच्या पाटीवर श्री काढून दिला.' सातव्यात गोवर आला होता आणि गेलाही होता. आठव्यात केस इतके लांब की दोन वेण्या. नवव्यात ती बापावर रुसली होती, कारण लिहिलेले नव्हते.

अकरा वर्षे. ज्या पाठीला तिने पाषाण मानले, त्या पाठीपलीकडे एक लेक वाढत होती. दर वर्षी बोटभर उंच होत होती. कुणाला न दिसणारी, हजारो घरांत पोचलेली, हजारो पोरांच्या बोटांखालून निसटलेली. फक्त आईच्या हाती न लागलेली, कारण आईने पान उघडले नव्हते.

अकरावा अंक शेवटचा. त्यानंतर चित्रकथा बंद पडली आणि कोऱ्या फुग्यांची पाने येईनाशी झाली. त्यातले वाक्य शेवटच्या पानावर होते, मावळत्या सूर्याच्या अगदी कडेला. अक्षरे नेहमीपेक्षा किंचित थरथरलेली.

'इरावती, यंदा आईला सांगू.'

भिंग तिच्या हातून मांडीवर पडले.

त्या वर्षी त्याने सांगितले नव्हते. पुढच्या वर्षीही नाही. कदाचित एखाद्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला असेल. कदाचित तिने वळून, "काय हवंय?" असे रोखठोक विचारले असेल. कदाचित तो, "पाणी," म्हणाला असेल. असे किती वेळा झाले असेल, हे आता तिला कोण सांगणार होते?

"अहो," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मला का नाही सांगितलंत?"

भालचंद्राने मान वळवली. त्याचे डोळे तिच्या तोंडावरून अंकावर आले, अंकावरून तिच्या तोंडावर.

"हो," तो म्हणाला.

"मी बोलले ते लागलं होतं तुम्हाला? काळजाचं?"

"हो."

"मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"हो."

तिने त्याचा निर्जीव उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मधल्या बोटाच्या पेराला टाकाने पाडलेला घट्टा अजून होता. तिने त्यावर अंगठा ठेवला.

"ती अजून दिसते का हो तुम्हाला?"

त्याचे ओठ हलले. खूप वेळ हलले. आत कुठेतरी, मोडक्या पुलाच्या पलीकडे, एखादे लांबलचक उत्तर उभे असावे आणि त्याला अलीकडे येता येत नसावे, तसे ते हलले.

"हो," तो म्हणाला.

आणि ते हो त्या प्रश्नाचे होते की नुसतेच उरलेले एक हो होते, हे तिला कधीच कळणार नव्हते. त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळले. पण आजारापासून तो डोळा तसाही पाझरतच असे.

खिडकीबाहेर दिवस कलला. तळ्यावरचे ऊन तांबूस झाले, मग राखी झाले. उसाच्या फडांवरून बगळ्यांची एक रांग घराकडे निघाली. खालच्या गल्लीतून आया लेकरांना हाका मारू लागल्या, एकेक नाव, एकेक दार, एकेक धावत येणारे पाऊल.

कुमुदिनी उठली. खिडकीचा गज धरून उभी राहिली. बारशाच्या आधी मिटलेले ओठ चव्वेचाळीस वर्षांनी उघडले, आणि तिन्हीसांजेला लेकराला घरी बोलवावे तशी तिने हाक मारली, "इरावती."

गल्लीतल्या दोन बायांनी वर पाहिले. हाक पाण्यावरून गेली, तुऱ्यांवरून गेली, धुरातून गेली. आणि अंधार आला, हलके हलके, पायरी पायरीने, एकटाच.