मोदकची घंटी

पिल्लू सांभाळायला देणाऱ्या संस्थेच्या फॉर्मात मजला विचारला होता, लिफ्ट विचारली होती, घरात मांजर आहे का तेही विचारलं होतं. मौन विचारलं नव्हतं, म्हणून मी लिहिलं नाही.

अंघोळ झाल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत, म्हणजे साधारण दहापर्यंत, मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली या नेमाला. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं पिल्लू वर्षभर सांभाळायचं, त्याला बस, बाजार, गर्दी यांची सवय लावायची, एवढंच काम होतं. पिल्लू पांढरंशुभ्र, गुबगुबीत. नाव मोदक ठेवलं.

फिरायला न्यायचे ते सकाळीच. मग देवघरातली छोटी घंटी पिशवीत टाकायची. एकदा वाजवली की बस, दोनदा की चल, तीनदा की थांब. पंधरा दिवसांत शिकला. भद्रकालीच्या भाजीबाजारातून असा जायचा की कोथिंबिरीलाही धक्का नाही. घरी आरतीच्या वेळी बसे, उठे, दोन पावलं चाले, पुन्हा बसे. मला वाटायचं, पूर्वजन्मीची भक्ती.

दहानंतर मी त्याच्याशी पुष्कळ बोलायचे, पण ते गवारीबद्दल आणि माझ्या गुडघ्यांबद्दल. पाय पसरून छान ऐकायचा. संस्थेचा गौरांग महिन्यातून एकदा संध्याकाळी येई, वजन घेई, कान बघे आणि चहा पिऊन जाई.

परीक्षा देवळाली कॅम्पात, सकाळी आठला ठेवली. मोदक पास झाला तर पुढचं सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन उत्तराकडे जाणार होता. उत्तराला दिसत नाही. शाळेत गाणं शिकवते. भाऊ शेखर तिला स्कूटरवर सोडायचा, त्याची दिवाळीनंतर विंचूरला बदली होती. मोदक नाही तर नोकरी नाही, हे तिने मला फोनवर अगदी साधेपणाने सांगितलं होतं.

परीक्षेला उत्तराही आली होती. तिने पट्टा धरला आणि म्हणाली, "चल." मोदकने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. "बस," गौरांग म्हणाला. मोदक उभाच. कागदावर दोन फुल्या पडल्या, तिसरी पडली की नापास. माझी घंटी घरी, परीक्षा आहे म्हणून मुद्दाम ठेवलेली. मी हातवारे केले. गौरांगला वाटलं मला पाणी हवंय. त्याने बाटली दिली.

तिसऱ्या फुलीला पेन टेकलं तेव्हा मी गणपतीची क्षमा मागितली आणि अकरा वर्षांचं मौन मोडलं. "मोदक, चल बाळा."

मोदकने माझा आवाज ओळखला आणि गुडघ्यांबद्दल ऐकायला पाय पसरून आडवा झाला.

इतक्यात मागून हिरामण दूधवाल्याने सायकलची घंटी दोनदा वाजवली. मोदक ताडकन उठला आणि उत्तराला घेऊन सरळ रेषेत निघाला, खड्ड्याला वळसा घालून. पुढे वळणावर हिरामणने तीनदा वाजवली. मोदक थांबला.

उत्तराने वाकून मोदकची पाठ थोपटली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही याला घंटीवर शिकवलंत?"

मी मान हलवली. मग तिला दिसत नाही हे आठवून हो म्हणाले. मोडलंच होतं.

हिरामणने पान्याने घंटी काढून तिच्या हातात दिली. अर्ध्या तासात मोदकने सगळा रस्ता पार केला. गौरांगने "तोंडी सूचना" खोडून "सायकलची घंटी" लिहिलं आणि वरिष्ठांना काय सांगायचं याचा विचार करत उरलेलं पाणी स्वतःच प्यायला.

मौनाचं गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ज्याला सांगितलं त्यानेच ऐकलं नाही, तर ते बोलणं धरत नाहीत.

मोदकचं पुढचं शिक्षणही झालं, आता उत्तरा त्याला घेऊन एकटी शाळेत जाते. परवा तिचा फोन आला. वाटेतल्या देवळात नेमकी त्याच वेळी आरती असते. घंटा सुरू झाली की मोदक बसतो, उठतो, दोन पावलं जातो, पुन्हा बसतो, आणि आरती संपेपर्यंत तिला तिथेच उभं राहावं लागतं. गल्लीत तिला फार भाविक समजतात, प्रसाद पहिला तिलाच देतात.

"काकू, मी देव मानत नाही हो," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "मोदकला सांगू नकोस."