थांबलेले ओठ

मी पब्लिश सेटिंग्जची चौकट बोलतेय. ओळखलं नाहीत? साहजिक आहे. वेबसाठी हलती चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी राहते. चित्र तयार झालं की ते केवढं दिसेल, आवाज किती स्वच्छ येईल, एकदाच चालेल की पुन्हा पुन्हा, हे सगळं माझ्यापाशी ठरतं. एवढा कारभार माझ्याकडे, पण लोक मला दारातल्या पायपुसण्याइतकीच किंमत देतात. न वाचताच बटण दाबतात आणि बिघडलं की खापर माझ्या माथी!

माझी मालकीण घरी बसून जाहिराती बनवते. नवी फाईल ती कधी उघडत नाही. जुनीच उघडायची, आतलं पुसायचं आणि दुसरं नाव द्यायचं. बारसं नवं झालं तरी माझ्यातल्या खुणा जुन्याच राहतात.

तिच्या टेबलाशेजारी खुर्चीत तिचे वडील, अण्णा, बसतात. त्यांनी सारा जन्म नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. नट अडला की विंगेतून हळूच शब्द द्यायचे. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचीच वाचा गेली. "अण्णा, बोला ना," म्हणून घरादाराने विनवलं. ते नुसते बघत राहायचे आणि मालकिणीचं तोंड एवढंसं व्हायचं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ओठ कसे हलतात ते त्यांना सारखं दिसू दे." मालकिणीने आरशात बघून स्वतःचेच ओठ काढले, 'ब' म्हणतानाचे. मिटलेले, उघडलेले, पुन्हा मिटलेले. सोबत स्वतःचा आवाज घातला.

पण फाईल होती एका दुकानाच्या जाहिरातीची. त्या दुकानदाराला डोळ्यांपुढे सारखं नाचणारं काही नको होतं, म्हणून माझ्यातला 'पुन्हा पुन्हा'चा, म्हणजे लूपचा, चौकोन रिकामा होता. मालकिणीने पाहिलंच नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला कुठलं तोंड!

तिने बटण दाबलं. पडद्यावर ओठ उघडले, 'ब' ऐकू आला, ओठ मिटले आणि चित्र थांबलं.

"अगं बाई, लूप राहिलंच!" तिने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात अण्णा पुढे सरकले. भर प्रयोगात अडलेल्या नटाकडे पाहावं तसं त्यांनी त्या मिटल्या ओठांकडे पाहिलं. तोंडाशी हात आडवा धरला. घशातून नुसतीच खरखर आली. मग अगदी हळू आवाजात शब्द आला, "बोल."

मालकिणीच्या हातातून माउस सुटला. "अण्णा?"

त्यांनी तिला हातानेच गप्प केलं. नट अजून अडलेलाच होता ना! "बोल... बोल ना."

मी थक्क झाले, आजही आहे. आवाज किती स्वच्छ हवा ते मला विचारतात, पण त्या खरखरीएवढं स्वच्छ मी काही ऐकलेलं नाही. मालकीण तर अण्णांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली.

वाचा-उपचाराच्या बाई पुढच्या खेपेला आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "आता याला हात लावू नका. थांबू दे तसंच."

तेव्हापासून रोज सकाळी ते ओठ मिटतात आणि अण्णा एकेक शब्द देतात. कालचा शब्द 'बाळ' होता. तो पडद्याला होता की लेकीला, ते मला कळलं नाही.

तुम्ही कधी माझ्यापाशी आलात तर मला नीट वाचा, हवं ते बदला. एवढी एक फाईल मात्र सोडा. तिथे एक नट अडलाय आणि विंगेत अण्णा उभे आहेत.